उतरलेली पाचवी तार

४ फेब्रुवारी, मंगळवार

लांब्या,

आशीर्वादाने सुरुवात करणार होतो, पण अकरा वर्षं ज्याचं तोंड बघितलं नाही त्याला आशीर्वाद कोणत्या तोंडाने द्यायचा, म्हणून कामाचंच लिहितो. तुझा बास, तुझी ती पाच तारांची गिटार, माझ्या दुकानात आला आहे.

तुझ्या खोलीखाली लाँड्री चालवणाऱ्या बाई तो घेऊन आल्या. साडेतीन तासांचा बसचा प्रवास त्यांनी पेटी उभी धरून केला. पेटी आडवी ठेवायची असते, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आडवी ठेवली तर चार माणसं पाय ठेवतात, तुम्ही बसने जात नाही वाटतं." मी पेटी घेऊन आडवी ठेवली.

त्यांचा निरोप असा. तू म्हणालास की महिनाभरात परत आलो नाही तर हे दादाकडे पोचवा. "महिना होऊन चार दिवस झाले," बाई म्हणाल्या. "चार दिवस मी माझ्याकडून दिले." कुठे गेला, असं विचारलं. "वाजवायला जातो म्हणाला." बास इथे ठेवून? "तेच ना. नुसता पट्टा खांद्यावर टाकला आणि गेला."

पट्टा म्हणजे मी शिवलेलाच ना रे? बाबांच्या हत्यारांच्या पिशवीचं चामडं, इंचाला आठ टाके, पितळी बक्कल, सात भोकं. तू सहा फूट दोन, म्हणून सातव्या भोकात लावायचास. मापाला म्हणून मी एकदा तिसऱ्या भोकात लावून गळ्यात घातला, तर तू पोट धरून हसलास. "दादा, तू बास घातलाय की बासने तुला घातलंय?" ते मी विसरलेलो नाही.

आता वाद्याबद्दल. माझ्या हातचा हा सातवा बास आणि पाच तारांचा पहिला. दांड्याला अकरा वर्षांत बाक आलेला नाही. दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्या, फ्रेट, पहिल्या पाच घरांत झिजल्या आहेत, म्हणजे तू खालीच जास्त वाजवत होतास. वरच्या शिंगाचं, दांड्याशेजारी पुढे आलेल्या टोकाचं, वार्निश एका जागी, अंगठ्याएवढ्या गोलात, पार लाकडापर्यंत गेलं आहे. तिथे हात लागत नाही. काय लागत होतं कळलं नाही.

चार तारा सुरात आहेत. पाचवी सहा सेंट उतरलेली निघाली. पट्टीतल्या शेजारच्या दोन सुरांमध्ये जे अंतर असतं त्याचे शंभर भाग केले तर त्यातले सहा. मी ती सूर मोजायचं यंत्र लावून चढवली, बरोबर केली. मग एकदा छेडली.

तुला सांगायला नको, पण मीच विसरलो होतो. इतर चार तारा ऐकू येतात. ही आधी तळपायाला कळते, मग पोटाला, आणि कानापर्यंत पोचते तेव्हा बातमी शिळी झालेली असते. सव्वातीन मिलिमीटर जाडीची तार, सेकंदाला एकतीस हेलकावे. आतल्या खोलीत फडताळातले कप किणकिणले. तू वाजवायला बसायचास तेव्हा वहिनी आधी कप खाली काढून ठेवायची, आठवतं? ती दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं ओरडेल. म्हणाली, "भावजी आले?"

मी म्हटलं, नाही, नुसता बास आलाय.

एकला दुकान बंद करून जेवलो, पडलो, चारला उघडलं. पाचवी तार सहा सेंट खाली.

हे पत्र बाईंच्या पत्त्यावर टाकतो. तू आलास तर देतो म्हणाल्यात. बास नीट करून ठेवतो आहे, न्यायला ये. मला तुझ्याशी एक बोलायचं आहे, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

दादा


११ फेब्रुवारी, मंगळवार

लांब्या,

तुझं उत्तर नाही. नसू दे, आठच दिवस झालेत.

माझ्या हातची खुंटी घसरत नाही. हे गर्वाने म्हणतोय असं समज, कारण तसंच आहे. कुठल्याही शाळेत न जाता, तुटकी वाद्यं उघडून उघडून मी हे शिकलो, आणि माझ्या दुकानातून गेलेलं वाद्य परत आलं ते फक्त माणसाच्या चुकीने. तरी ही तार रोज उतरते.

तार नवी घातली, उतरली. खुंटी बदलली, तीही उतरली. तार बसते ती हाडाची खाच घासून दिली, दांड्यातला लोखंडी गज तपासला, बास दुसऱ्या भिंतीला टांगला. पेटीत बंद करून कड्यांवर कागदाची पट्टी डकवली आणि पट्टीवर सही केली. चारला सही जागच्या जागी, पट्टी अखंड, तार सहा सेंट खाली. कधी पाच नाही, कधी सात नाही. बाकीच्या चार तारा केसभरही हलत नाहीत.

लाकूड आकसतं, हवा बदलते, हे मला कुणी सांगू नये. म्हणून शनिवारी मी खुंटीवर आणि तिच्यामागच्या लाकडावर मिळून पेन्सिलीने एक सरळ रेघ मारली. लाकडामुळे तार उतरली तर रेघ तशीच राहील, कारण खुंटी जागची हलणार नाही.

चारला रेघ तुटली होती. खुंटीवरचा अर्धा तुकडा खाली सरकला होता, नखाच्या अर्ध्या जाडीएवढा.

खुंटी फिरायला हात लागतो.

वहिनीला दाखवलं. ती म्हणाली, "अहो, त्याच्यासमोर बसा की मग. घर जळत असलं तरी एकची झोप सोडणार नाही तुम्ही." म्हणून रविवारी स्टूल घेऊन बसलो. एकपासून अडीचपर्यंत काही नाही. अडीचला वहिनीने चहा आणला, मी कप घ्यायला मान वळवली, परत बघितलं तर खुंटी सरकलेली. वहिनीने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कप परत घेऊन गेली.

सहा सेंट हा आकडा मी आधीही बघितला आहे, आणि तूही. रेकॉर्डिंगच्या त्या दुपारी मी माझं नवं यंत्र घेऊन आलो होतो. तू बास कानाने लावून बसला होतास. तुमच्या वाद्यवृंदाचे मास्तर हार्मोनियमवर बसले, तू सूर दिलास, मी गंमत म्हणून यंत्र लावलं आणि यंत्राने दाखवलं, पाचवी तार सहा सेंट उतरलेली. मास्तरांनी यंत्राकडे बघितलं, मग तुझ्याकडे. तू म्हणालास, "दादा, तुझं यंत्र एका वेळी एकच तार ऐकतं. मला पाची ऐकाव्या लागतात." मी सगळ्यांसमोर हसलो. पुढच्या महिन्याच्या दौऱ्यावर मास्तरांनी दुसरा बासवाला नेला.

यंत्राने जे सांगितलं ते सांगितलं. त्यात माझं काय चुकलं, हे मी अकरा वर्षं स्वतःला विचारत आलो आहे.

ये. बास खरंच चांगला वाजतोय.

दादा


१८ फेब्रुवारी, मंगळवार

लांब्या,

काल लाँड्रीवाल्या बाईंचा फोन आला. मला वाटलं तू पोचलास. तर त्याच विचारतात, "तो तिकडे आलाय का?"

नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग वर कोण आहे?"

त्यांचं म्हणणं तसंच्या तसं लिहितो. त्यांच्या दुकानात छताला लोखंडी दांडा आहे, त्यावर इस्त्रीचे कपडे तारेच्या हँगरवर लटकतात. तू वर वाजवायला लागलास की सगळे हँगर एकदम गुणगुणायचे. "आवाज म्हणून यायचा नाही हो, नुसते हँगर. मला कळायचं, साहेब बसले. एक ते चार, रोज. गिऱ्हाइकं घाबरायची, मी म्हणायचे, भाडेकरू आहे, चावत नाही." खोलीला आता कुलूप आहे, किल्ली त्यांच्या गल्ल्यात. आणि आठवडाभर एक ते चार हँगर गुणगुणत आहेत.

वर जाऊन बघितलंत का, मी विचारलं. "बघितलं. खाट, खुर्ची. खुर्चीवर हात ठेवला, तर गार नव्हती," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुमची पत्रं इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवते, चुरगळू नयेत म्हणून."

फोन ठेवता ठेवता सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "एवढा बहिरा माणूस इतका वेळ काय वाजवायचा, देव जाणे."

कधीपासून, मी विचारलं.

"आला तेव्हा उजव्याने थोडं यायचं. मागच्या दोन वर्षांत काहीच नाही. मी पाटीवर लिहून बोलायचे. तुम्ही भाऊ ना? तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी म्हणालो, नव्हतं.

ठाऊक होतं, लांब्या. बोलायचं होतं ते हेच. पत्रात लिहिण्यासारखं नाही असं म्हणालो होतो, पण तू समोर येत नाहीस, तर कुठे लिहू.

रेकॉर्डिंगच्या आधी चार महिने तू दुकानात आलास, दार लोटून घेतलंस आणि म्हणालास, "दादा, डाव्या कानात शिट्टी वाजते, थांबत नाही. कुणाला बोलू नकोस, मास्तरांना तर नाहीच." मी म्हटलं, माझ्या तोंडून निघणार नाही. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी मी मास्तरांच्या घरी गेलो आणि सांगितलं. यंत्र गंमत म्हणून आणलं नव्हतं. मास्तरांचा विश्वास बसत नव्हता, त्यांना पुरावा दाखवायला आणलं होतं.

का, तेही लिहितो. त्या वर्षी जिथे जाऊ तिथे लोक तुझ्याभोवती जमायचे. काय बास वाजतो, जमीन बोलते. मी दोन हात अंतरावर बास पुसत उभा. पाच तारांचा बास बनवू नकोस, दांडा तार पेलणार नाही, असं मला प्रत्येकाने सांगितलं होतं. पेलेल असा केला तो मी. दांडा तीन पट्ट्यांचा, मधली उलटी लावलेली, ही माझी युक्ती. एकानेही कधी विचारलं नाही की हा केला कुणी. तूही कधी मला पुढे ओढून सांगितलं नाहीस की हा माझा भाऊ. एवढंच कारण आहे. लिहून बघितलं तर ते बोटभरही भरत नाही.

तार आजही सहा सेंट खाली आहे. मी आता चढवायचं म्हणून चढवतो.

दादा


२५ फेब्रुवारी, मंगळवार

लांब्या,

शिंगावरचा तो गोल कशाने पडला ते कळलं. बाईंना विचारलं, तो बास धरायचा कसा. त्या म्हणाल्या, "पोराला खांद्यावर झोपवतात ना, तसा. वरचं टोक गळ्याच्या हाडावर टेकवून, डोळे मिटून."

काल एकला झोपायला गेलो नाही. दोन्ही कानांत कापूस कोंबला, वरून वहिनीचा लोकरी रुमाल बांधला. ती म्हणाली, "दात दुखतोय की डोकं फिरलंय?" ते मला तिच्या ओठांवरून कळलं, म्हणजे कान नीट बंद झाले होते. मग शिंग गळ्याच्या हाडावर टेकवलं.

तू शिकवायचास तसं केलं. जाड तारेवर पाचव्या घरावर नुसतं बोट टेकवून वरचा पातळ सूर काढला, शेजारच्या तारेवर सातव्या घरावर तसाच. दोन्ही सूर एकच असायला हवेत. यंत्राप्रमाणे पाचवी तार अगदी बिनचूक लावलेली होती, काटा मधोमध. आणि लांब्या, हाडातून हेलकावा येत होता. सव्वादोन सेकंदांनी एक, घड्याळ लावून मोजला. फुगायचा, ओसरायचा, फुगायचा. दोन माणसं एकच पेटी उचलून चालताना पावलं जुळत नाहीत, तसं. मी खुंटी किंचित उतरवली. हेलकावा लांबला. आणखी उतरवली, आणखी लांबला. मग एका जागी तो थांबला. सगळं अंग एकदम स्थिर झालं. पाची तारा छेडल्या आणि त्या एका माणसाच्या वाटल्या.

रुमाल सोडला, कापूस काढला, यंत्र लावलं. सहा सेंट खाली.

तार इतकी जाड असली की ती तारेपेक्षा सळईसारखी वागते, तिच्या अंगातले वरचे सूर थोडे चढतात. म्हणून ती एकटी बरोबर लावली तर बाकीच्यांत बेसूर होते, आणि थोडी उतरवली तर सगळ्यांत बसते. यंत्र खालचा सूर मोजतं. बत्तीस वर्षं तारा लावणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं. तुला एका कानाने कळलं होतं. मी तुझा कान गेला असं सांगितलं आणि पुराव्याला जी तार दाखवली, ती त्या खोलीतली एकमेव बरोबर लावलेली गोष्ट होती.

एक गोष्ट लिहू की नको करत होतो. तो हेलकावा थांबण्याआधी, अगदी शेवटच्या केसभर अंतराला, माझी बोटं खुंटीवर नव्हती. मी घाम पुसायला हात काढला होता. खुंटी फिरली ते मला हाडातून कळलं.

मी भ्यालो नाही असं लिहिणार होतो. भ्यालो. पण बास खाली ठेवला नाही.

उद्या मास्तरांकडे जातो.

दादा


४ मार्च, मंगळवार

लांब्या,

मास्तर थकलेत. हार्मोनियमच्या पेटीवर आता कापड घातलेलं असतं, त्यावर औषधांच्या बाटल्या. मी सगळं सांगितलं. यंत्राचं, कानाचं, आदल्या दिवशी का आलो होतो त्याचं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"अकरा वर्षांनी सांगतोयस होय?" म्हणाले.

हो.

"मला त्याच दुपारी कळलं होतं," म्हणाले. "पेटीवर मी सूर धरला होता ना. त्याची तार बरोबर बसत होती. पण तू सख्खा भाऊ, वर यंत्र घेऊन उभा. मी म्हटलं, माझेच कान म्हातारे झाले."  मी उठलो तेव्हा म्हणाले, "तो आल्यासारखा वाटला होता मला. गेल्या महिन्यात. इथे, पेटीपाशी. मी म्हटलं बस, तर बसला नाही. पट्टा होता खांद्यावर, बास नव्हता. मी विचारलं, अरे, वाद्य कुठेय? तर म्हणाला, दादा आणतोय."

मी त्यांना तारीख विचारली नाही.

ही गेल्या बुधवारची गोष्ट. आजची सांगतो. आज एकला मी पाचवी तार तुझ्या रीतीने लावली, हाडावर टेकवून, डोळे मिटून. पेन्सिलीची नवी रेघ मारली. बास मधल्या स्टँडवर ठेवला, मागचं दार आतून लावलं, पुढचं शटर ओढलं, कुलपं दोन्ही. जेवलो. झोप आली नाही, पडून राहिलो.

चारला शटर वर केलं.

रेघ अखंड होती. महिन्याभरात पहिल्यांदा.

बासला पट्टा लावलेला होता. बाबांच्या पिशवीचं चामडं, इंचाला आठ टाके, मी मोजले. सातवं भोक ताणून लांबोडकं झालेलं. बक्कल त्यात नव्हतं. बक्कल तिसऱ्यात होतं.

मी वाद्यं बनवतो, वाजवत नाही. माणसांत तर कधीच नाही. पण पट्टा माझ्या मापाला लावून कुणी वाट बघत असेल तर माणसाने काय करायचं. गळ्यात घातला. चामडं गार नव्हतं. शिंग हाडावर टेकवलं आणि पाचवी तार छेडली. फरशी बोलली, शटरच्या पट्ट्या बोलल्या, आत फडताळातले कप किणकिणले. मी तळहात तारेवर दाबून ती थांबवली.

सूर थांबला नाही.

तो माझ्या बासमधून येत नव्हता. खालून येत होता, तळपायातून, त्याच उंचीवर. मी तार पुन्हा छेडली आणि दोन्ही सूर एकत्र ऐकले, हाडाने, बराच वेळ, हेलकावा शोधत. सव्वादोन सेकंद मोजले, दहा मोजले, मिनिटभर मोजलं. हेलकावा नव्हता.

हे पत्र बाईंकडे पाठवत नाही, बासच्या पेटीत ठेवतो. लिहायला बसलोय तरी पट्टा गळ्यातून काढलेला नाही, म्हणून अक्षर असं आलंय. फरशी अजून बोलते आहे. कपांची किणकिण मात्र मघाशी थांबली, म्हणून आत डोकावलो. वहिनी स्टुलावर चढून फडताळातले कप एकेक करून खाली काढून ठेवत होती. 

दादा